बँड नाही, गायक नाही, गुरू नाही: एकट्याने प्रायोगिक रॉक अल्बम कसा करायचा

माझ्या पहिल्या अल्बमला तीन वर्षं लागली. त्यात प्रत्यक्ष वाजवण्याचे दिवस मोजले तर चार महिनेही भरणार नाहीत. बाकीचा वेळ प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे आवाज आणि इफेक्ट, उतरवून घेण्यात, त्याच आठ बारांचा लूप ऐकत बसण्यात आणि ‘अजून एक गिटार चढवू का’ या विचारात गेला. दुसरा अल्बम सात महिन्यांत झाला. मधल्या काळात हात काही फार सुधारला नव्हता. फरक एवढाच पडला, की वाजवणारा मी, रेकॉर्डिंग करणारा मी आणि ऐकून निकाल देणारा मी, या तिघांना एकाच दिवशी खोलीत घेणं मी बंद केलं. एक जण वाजवत असताना दुसरा ‘हे बरं नाही’ म्हणत मागे उभा असेल, तर कुणाचंच काम होत नाही. पुढच्या पायऱ्या याच हिशोबाने लावल्या आहेत.

एखादं वाद्य थोडंफार हाताला आहे, नोटेशन वाचता येत नाही, शिकवायला कुणी नाही आणि डोक्यात मात्र शब्दांशिवायचं काहीतरी लांबलचक, वेडंवाकडं वाजतंय, अशांसाठी हा लेख आहे. एकट्याने सगळं वाजवणं हे संगणकाच्या काळातलं खूळ नव्हे. इंग्लंडमधल्या माइक ओल्डफील्ड या पोराने उसन्या टेपरेकॉर्डरच्या खोडणाऱ्या हेडवर पुठ्ठ्याचा तुकडा लावला, म्हणजे जुनं पुसलं न जाता त्यावरच नवं वाद्य चढवता येई. त्या कच्च्या टेपवरून पुढे झालेला ‘ट्युब्युलर बेल्स’ हा अल्बम १९७३ साली आला, तेव्हा तो नुकता वीस वर्षांचा झाला होता. तुमच्याकडे आज त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त ट्रॅक आहेत, आणि अडचण तीच आहे.

काय काय लागतं

- एक वाद्य, जे डोळे मिटून वाजवता येतं. बाकीची वाद्यं जमतील तशी.
- दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे वाद्य आणि माइक संगणकाला जोडणारी पेटी. त्यातल्या एका इनपुटवर तरी गिटारसाठीचं ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ बटण हवं. ते न दाबता साध्या लाइन इनपुटमध्ये गिटार लावली की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो.
- रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. रीपर साठ दिवस वापरून बघता येतं, आर्डर मुक्त स्रोत आहे, ॲपलच्या यंत्रावर गॅरेजबँड मोफत मिळतं. कोणतंही एक निवडा आणि अल्बम होईपर्यंत बदलू नका.
- मागून बंद असलेले, कान पूर्ण झाकणारे हेडफोन.
- एक साधा डायनॅमिक माइक.
- ट्यूनर, जादा तारा, दोन बाहेरच्या ड्राइव्ह.
- वही. मोबाइलमधली नाही, कागदाची.

भिंतीला लावायचा फोम, मोठे स्पीकर आणि अकरावं डिस्टॉर्शन पेडल या यादीत नाही, ते मुद्दामच.

१. आधी कुंपण घाला

प्रायोगिक म्हणजे काहीही चालतं, असा समज घेऊन बसाल तर पहिल्या आठवड्यातच गोंधळून जाल. १९७९ साली टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ आणला, तेव्हा घरी काम करणाऱ्याला कॅसेटवर चार ट्रॅक मिळाले. पाचवी कल्पना आली की आधीच्या चारपैकी काय एकत्र करायचं ते तिथल्या तिथे ठरवावं लागे. आज तो निर्णय कुणी मागत नाही, म्हणून तो स्वतःवर लादून घ्यायचा.

वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहा: एकूण लांबी, तुकड्यांची संख्या, वापरायची वाद्यं आणि प्रत्येक तुकड्यात जास्तीत जास्त किती ट्रॅक. पहिल्या खेपेला पस्तीस ते चाळीस मिनिटं पुरे. कधीतरी विनाइल काढायची इच्छा असेल तर बारा इंची तबकडीच्या एका बाजूला अठरा ते बावीस मिनिटं धरा. त्याहून जास्त भरलं की आवाजाची पातळी खाली आणावी लागते. माझं दुसऱ्या अल्बमचं कुंपण असं होतं: सहा तुकडे, एक गिटार, एक बेस, एक जुना कीबोर्ड, ट्रॅक सोळा. सोळा मी दोनदा ओलांडले, पण ओलांडतोय हे कळत होतं.

२. कच्चा माल गोळा करा, निकाल देऊ नका

चार आठवडे फक्त साठवण. रोज अर्धा तास वाजवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि फाईलला वेग, पट्टी, ट्यूनिंग आणि एखादा चित्रमय शब्द मिळून नाव द्या. ‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ हे नाव तीन महिन्यांनी काहीच सांगत नाही. ‘९२ डी खाली-उतरलेली गिटार रेंगाळणारी’ सांगतं.

या चार आठवड्यांत मागचं ऐकायचं नाही. पाचव्या आठवड्यात एका बैठकीत सगळं ऐका, आणि जिथे मान आपोआप हलते किंवा हातातला कप हवेतच थांबतो, तिथे खूण करा. ‘हुशार’ वाटणाऱ्या जागांना खूण करू नका. हुशार जागा दुसऱ्यांदा ऐकल्यावर दात काढतात.

३. तालाचा सांगाडा

गायक नसला की ऐकणारा धरून ठेवायला काहीतरी शोधतो, आणि बहुतेकदा त्याच्या हाताला ताल लागतो. म्हणून इथे घाई नको.

विषम मात्रांचा मोह सगळ्यांना होतो. सातच्या आवर्तनात गिटार आणि चारच्या आवर्तनात ड्रम एकाच वेळी सुरू केले तर २८ मात्रांनी दोघांची सम एकत्र येते: गिटारची चार आवर्तनं, ड्रमची सात. मधल्या काळात दोघं एकमेकांपासून घसरत जातात, आणि ती घसरणच कानाला ओढते. पण २८ वी मात्रा सरून सम आली की तिथे काहीतरी घडलं पाहिजे. झांज पडू दे, बेस स्वर बदलू दे किंवा सगळं एकदम गप्प होऊ दे. काहीच घडलं नाही तर ऐकणाऱ्याला ती नुसती चूक वाटते. वहीत दोन ओळी आखून मात्रांवर टिंबं काढा. स्क्रीनवर न दिसणारी गोष्ट कागदावर झटकन दिसते.

ड्रम वाजवता येत नसतील तर प्रोग्राम करा, लाज वाटायचं कारण नाही. फक्त वाजवणाऱ्याला दोन हात आणि दोन पाय असतात हे विसरू नका. माझ्या पहिल्या तुकड्यात स्नेअर, हाय-हॅट आणि क्रॅश एकाच क्षणी वाजत होते, मधूनच टॉमसुद्धा. ऐकणाऱ्या ड्रमर मित्राने विचारलं, “हा तुझा अष्टभुज ड्रमर कुठे भेटला?” मिडीमध्ये, म्हणजे प्रोग्राम केलेले सूर-ठोके ज्या भाषेत साठतात तिच्यात, प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ असा असतो. सगळे ठोके १२७ वर ठेवणं हा नवख्यांचा सर्वांत ठळक ठसा. हाय-हॅटचे ठोके एक जोरात, एक हलका असे ठेवा. स्नेअरच्या मुख्य ठोक्यांच्या मध्ये तीस-चाळीसच्या जोराचे पुसट ठोके पेरा. मग तोच ठेका श्वास घ्यायला लागतो.

डिलेचा, म्हणजे उशिराने परत येणाऱ्या प्रतिध्वनीचा, वेळही तालाला बांधून घ्या. ६०,००० ला वेगाने भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. मिनिटाला १०० ठोके असतील तर ६००, आणि पाऊण ठोक्याचा डिले हवा असेल तर ४५०. पेडलला टॅपचं बटण नसेल तर हा भागाकारच तारतो.

४. रेकॉर्डिंगचा दिवस

आज फक्त वाजवणारा आणि बटणं दाबणारा. निकाल देणारा सुट्टीवर.

- प्रकल्प २४ बिटचा, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची तो आकडा) ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. एकदा ठरला की अल्बमभर तोच.
- पातळी अशी ठेवा की सर्वांत जोराचा झटका उणे दहा डेसिबलच्या आसपास जाईल. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.
- वाजवताना बफर, म्हणजे संगणक एका वेळी जेवढा आवाज साठवून मग पुढे पाठवतो तो साठा, १२८ सॅम्पलवर आणा. ४८ किलोहर्ट्झला ते तीन मिलिसेकंदांहून कमी होतं. मिक्स करताना १०२४ करा, म्हणजे संगणक धापा टाकणार नाही. उलटं ठेवलंत तर वाजवलेला सूर उशिरा कानात येतो आणि तुम्ही स्वतःलाच बेताल समजता.
- प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग तपासा. प्रत्येक.
- पेडल आणि अँपच्या नॉबचा फोटो काढून ठेवा.
- शक्य तिथे इफेक्टसह आवाज आणि कोरा आवाज दोन्ही रेकॉर्ड करा. कोऱ्या ट्रॅकने मला चारदा वाचवलं आहे.

सॅम्पल रेटबद्दल एक किस्सा. एका सेलोवादकाने मला घरून ट्रॅक पाठवला. त्याची फाईल ४८ वर, माझा प्रकल्प ४४.१ वर. माझ्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरने रूपांतर न करताच ती आत ओढली, त्यामुळे सेलो जवळपास दीड सेमीटोन खाली आणि संथ वाजू लागला. दोन दिवस मी त्या बिचाऱ्याला मनातल्या मनात बेसूर ठरवून बसलो होतो. पाहुण्याकडून काही मागवताना सॅम्पल रेट, वेग आणि सुरुवातीचा क्लिक एकाच निरोपात लिहून द्या.

अँपसमोर माइक आणि सोबत थेट सिग्नल असे दोन्ही घेत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. माइक तेवढा लांब असेल तर त्याचा ट्रॅक तितकाच मागे पडतो, आणि दोन्ही एकत्र वाजवले की गिटार पोकळ लागते. मोठं करून बघा, पहिल्या झटक्याच्या लाटा जुळवा.

५. प्रयोगाचे दिवस

नवखे लोक प्रयोग शेवटी, मिक्समध्ये, प्लगइन चढवून करतात. मी म्हणेन, आधी वाद्यावर करा. इंग्लिश गिटारवादक कीथ रोव १९६० च्या दशकातच गिटार टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर हाताला येईल ती वस्तू चालवत असे. तुमचं टेबल चालेल.

सुरुवातीला हे करून बघा. बाराव्या पट्टीवर (फ्रेटवर) तारांखाली स्क्रूड्रायव्हरची दांडी आडवी सरकवा, लाकडावर ओरखडे पडू नयेत म्हणून खाली फडक्याची घडी. आता तार दोन तुकड्यांत वाटली गेली. पिकअप ब्रिजकडच्या तुकड्याखाली आहे. तुम्ही मानेकडचा तुकडा छेडा. त्याचं कंपन दांडीतून पलीकडे जातं आणि ब्रिजकडचा तुकडा, कुणी हात न लावता, घंटेसारखा बोलायला लागतो. दांडी सातव्या किंवा पाचव्या पट्टीवर नेली तरी हा नाद भरून येतो, मधल्या जागांवर तो विरतो. मी यावर एक अख्खी दुपार घालवली. संध्याकाळी हाताशी चाळीस सेकंदांचं कामाचं रेकॉर्डिंग होतं, आणि अल्बममधली लोकांनी सर्वांत जास्त विचारलेली जागा तीच.

आणखी काही वाटा:

*दोन टेपांचा लूप.* गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७२ साली दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोन्हींतून फिरवली. पहिल्यावर रेकॉर्ड झालेलं काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजायचं आणि परत पहिल्यात जायचं, दर फेरीला थोडं विटत. तुम्ही हे चार-पाच सेकंदांच्या डिलेने करा. फीडबॅक (परत आत जाणारा वाटा) सत्तर-ऐंशी टक्के, आणि डिलेच्या वाटेत एक फिल्टर, म्हणजे प्रत्येक फेरीला वरचा चकाकता भाग झिजेल. मग कमी वाजवा. तीन सूर पुरतात.

*खोली उधार घ्या.* कोरडा ट्रॅक स्पीकरवर वाजवून जिन्यात किंवा न्हाणीघरात माइकने पुन्हा रेकॉर्ड करा. बादली उलटी की सुलटी, दार उघडं की बंद, यानेही फरक पडतो. प्लगइनमधला रिव्हर्ब जास्त देखणा असेल, पण तो सगळ्यांकडे आहे.

*अर्धा वेग.* दुप्पट वेगात वाजवा, मग रेकॉर्डिंग टेपसारखं निम्म्या वेगाला आणा. सूर एक सप्तक खाली जातो आणि पिक लागण्याचा आवाज दगड घासल्यासारखा होतो. सॉफ्टवेअर सूर तोच राखून वेग बदलू पाहील, तो पर्याय बंद करा.

*ई-बो.* नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं हे छोटं यंत्र तारेवर धरलं की चुंबकाने तार न छेडता वाजत राहते. व्हायोलिनचा लोभ असलेल्या गिटारवाल्यांसाठी.

एका तुकड्यात एकच प्रयोग मुख्य ठेवा. तीन एकत्र आले की ऐकणाऱ्याला तुमच्या यंत्रांची यादी ऐकू येते, संगीत नाही. आणि प्रयोगाच्या दिवशी अल्बमचा प्रकल्प उघडू नका. वेगळ्या कोऱ्या प्रकल्पात रेकॉर्ड करा आणि आवडेल तेवढंच नंतर आत आणा.

६. कात्री

जर्मनीच्या कान या बँडचे लोक तासन्‌तास वाजवत, आणि त्यांचा बेसवादक होल्गर शुकाय नंतर टेप कापून-जोडून त्यातून तुकडे घडवत असे. एकट्या माणसाला हा धडा फार उपयोगी आहे. वाजवताना मोकळं सुटा, रचना नंतर कात्रीने करा.

रेकॉर्डिंग आणि कात्री यांच्यात निदान दोन आठवडे जाऊ द्या. बोटांना अजून आठवत असेल तोवर तुम्ही मेहनत ऐकता, सूर ऐकत नाही. मग प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न: शब्द नाहीत, तर ऐकणाऱ्याने धरायचं काय? कुठेतरी एक मुखडा हवा. गुणगुणता येईल असाच हवा असं नाही. एखादा पोत, एखादी खरखर, एखादी थांबण्याची पद्धतही मुखड्याचं काम करते. ती पहिल्या मिनिटात ओळखीची करून द्या आणि शेवटाकडे बदललेल्या रूपात परत आणा.

आठ मिनिटांच्या तुकड्यातून दोन मिनिटं काढून बघा. जुनी आवृत्ती जपून ठेवली असली की कापायला हात धजतो. माझे सहापैकी पाच तुकडे कापल्यावर सुधारले. सहावा कापल्यावर मेला, तो पुन्हा जोडला.

७. मिक्स

इथे आता निकाल देणाऱ्याला बोलवा, आणि गिटार दुसऱ्या खोलीत ठेवून या.

खालच्या पट्टीतली गर्दी हा पहिला शत्रू. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार ८२ हर्ट्झला बोलते, बेसची ४१ ला. नेहमीच्या ट्यूनिंगच्या गिटारला ७०-८० हर्ट्झच्या खाली काही सांगायचं नसतं, तिथला भाग हाय-पास फिल्टरने काढा. गिटार खाली उतरवली असेल तर ही रेषाही खाली न्या. मग ठरवा, या क्षणी पुढे कोण आहे? एकच. बाकीचे हळू किंवा बाजूला. गायक नसल्यामुळे हा मान तुम्हाला दर आठ-सोळा बारांनी कुणालातरी द्यावा लागतो.

अगदी हळू आवाजात ऐका. मग मोनो करून ऐका. दोन्हीकडे मुखडा कळत असेल तर मिक्स ठीक आहे. हेडफोनवरच सगळं केलंत तर खालचा आवाज फसवतो. माझ्या पहिल्या अल्बमचा बेस हेडफोनवर गडगडाट वाटायचा, आणि गाडीत तो अल्बममध्ये नव्हताच. निदान तीन ठिकाणी ऐका, आणि दर चाळीस मिनिटांनी दहा मिनिटं कान मोकळे सोडा.

दुरुस्त्या वहीत लिहा, एका वेळी पाच. त्या झाल्या की एक आठवडा थांबून पुन्हा पाच. तिसऱ्या फेरीत पाच सापडत नसतील तर मिक्स झालं.

८. क्रम आणि मास्टरिंग

हे थोडक्यात. पैसे एकाच गोष्टीवर घालवता येत असतील तर मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवर फिरवायचा शेवटचा हात, दुसऱ्याकडून करून घ्या, कारण ते कान तुमचे नाहीत. त्याला २४ बिटच्या वेव्ह फाईली द्या, मास्टर ट्रॅकवर लिमिटर (शिखरं दाबणारा इफेक्ट) न लावता. स्वतः करणार असाल तर आवाज फुगवण्याच्या शर्यतीत उतरू नका. स्पॉटिफाय सगळं साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणतं, त्यामुळे चेपून मोठं केलेलं गाणं तिथे नुसतं चेपलेलं राहतं. शिखर उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. १६ बिटमध्ये उतरवताना डिदर (बिट कमी करताना मिसळायची बारीक खरखर) लावा, एकदाच, शेवटी.

तुकड्यांचा क्रम कागदाच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडून ठरवा. दोन तुकड्यांमधली शांतता सेकंदांत मोजून ठेवा. तीही रचनेचा भाग आहे.

९. प्रकाशनाची कागदपत्रं

- प्रत्येक तुकड्याचा आयएसआरसी, म्हणजे १२ अक्षर-अंकांचा ओळख-कोड, आणि पूर्ण अल्बमचा यूपीसी, म्हणजे बारकोडचा क्रमांक. बहुतेक वितरक (अल्बम ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्या कंपन्या) दोन्ही देतात. आलेले कोड वहीत उतरवा. पुढे वितरक बदललात तर तेच वापरायचे असतात.
- चौरस मुखपृष्ठ, ३००० बाय ३००० पिक्सेल.
- तुकड्यांची नावं, शुद्धलेखन तपासून. शब्द नसलेल्या अल्बमवर तेवढेच शब्द असतात.
- पाहुण्या वादकांशी लेखी करार: मोबदला किती, हक्क कुणाचा, नाव कसं छापायचं. मैत्री असेल तर तो आधीच करा.
- बाहेरून घेतलेल्या प्रत्येक लूपचा परवाना.

शेवटच्या मुद्द्यात एक खड्डा आहे. ‘रॉयल्टीमुक्त’ लूप हजारो लोक वापरतात. त्यातल्या एकाने आपला तुकडा आपोआप ओळख पटवणाऱ्या यंत्रणेत नोंदवला, की तुमच्या संगीतावर त्याचा दावा येतो. माझ्यावर आला होता, चार सेकंदांच्या शेकरवरून. परवान्याची पावती होती म्हणून सुटला, पण तीन आठवडे गेले. तेव्हापासून शेकर मी स्वतः हलवतो: डब्यात तांदूळ.

वितरकाकडे अल्बम प्रकाशनाच्या तारखेच्या चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे तुकडा सुचवायचा असेल तर किमान सात दिवस आधी सुचवावा लागतो. ‘व्होकल्स’च्या रकान्यात ‘इन्स्ट्रुमेंटल’ निवडायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि मला गीतकाराचं नाव विचारणारी तीन पत्रं आली.

१०. आवराआवर

अल्बम आल्यावर लगेच, उत्साह ओसरायच्या आत, प्रत्येक तुकड्याचे सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या वेगवेगळ्या वेव्ह फाईली करून काढा. प्लगइन मरतात, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुने प्रकल्प उघडायला नकार देतात, वेव्ह फाईल टिकते. सोबत वहीच्या पानांचे आणि नॉबचे फोटो, करार आणि कोड. एक प्रत घरातल्या ड्राइव्हवर, दुसरी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, तिसरी क्लाउडवर. ड्राइव्हवर चिकटपट्टी लावून पेनाने अल्बमचं नाव आणि तारीख लिहा. माझ्या पहिल्या अल्बमचे मूळ ट्रॅक ज्या ड्राइव्हवर होते तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि घर बदलताना ती रिकामी समजून मीच फॉरमॅट केली.